हातचा

लासाल स्ट्रीट, दुसरा मजला.
दर मंगळवारी स्टाहोविचचा तास.
आवाज सत्त्याऐंशीतच बसला त्याचा,
सोयाबीनच्या पिटात ओरडून ओरडून.

तळवा आपल्याकडे : घेतो.
तळवा बाहेर : देतो.
हनुवटीपाशी एकं, कपाळाशी दहं.

आम्ही वहीत उतरवत नाही.
परीक्षेला मार्जिन आहे, अल्गोरिदम आहे,
आचारसंहितेची चाळीस पानं आहेत.

मागून लोरेटा विचारते,
"मशीन सुटलं, तर हातानं थांबतं?"

तो उत्तर देत नाही.
खिडकीशी जातो, पंजा उघडतो,
बाहेरच्या बाजूला.

समोरच्या इमारतीचा म्हातारा दरवान
वर बघतो.
हातमोजा काढतो आधी,
मग एक बोट कपाळाला,
तळवा स्वतःकडे.

दहा घेतले.
कशाचे,
ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.