वजनकाटा

सोहारच्या बंदराबाहेर
क्रोमाइटचे ट्रक माझ्या काट्यावर चढतात
पहाटे चारपासून.
साठ टनांत वीस किलो इकडेतिकडे,
एवढी सूट कागदावरच आहे.
वीस किलोसाठी इथे कुणी कुणाशी बोलणं टाकत नाही.

आज तिकडे तहसील कचेरीत मोजणी.
तिकडे दहा, इकडे साडेआठ,
काळजीला मात्र एकच घड्याळ.
भालचंद्र, माझा मेव्हणा, फोनवरही
तंबाखू थुंकून मग बोलतो.
"काट्याची लढत आहे, दाजी. प्रभाग तीन."
"मग माझ्या काट्यावर आण," म्हटलं.
हसला नाही.

दोनशे चौदा.
दोनशे चौदा.

केबिनचा एसी दूध-पावडरीच्या डब्यात गळत होता.
स्वातचा गुल जमान पावतीसाठी खिडकीशी आला,
त्याला सांगितलं.
"एकसारखी?" म्हणाला,
आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला,
मागून दोन हॉर्न वाजले तरी.

मग ईश्वरचिठ्ठी.
शिपायाची मुलगी, दुसरीतली, नाव किमया.
कुणाचा तरी जेवणाचा डबा पुसून घेतला होता,
त्यात तिने हात घातला.
सुगंधा नाटेकर.
अर्धी गर्दी ओरडली.
उरलेली अर्धी त्या मुलीकडे बघत राहिली
आणि ती रडायला लागली म्हणे.

मला दोघीही चालल्या असत्या.
सुगंधाताईंनी एका रात्री आईला सलाइन लावून दिलं होतं.
जैतून मुकादम नळ आमच्या मोरीपर्यंत घेऊन आल्या.
काळजी निकालाची नाही.

संध्याकाळपर्यंत भालचंद्रचे अकरा व्हॉइस मेसेज.
मशीन. डबा. मुलगी. मुलीचा बाप.
एका चिठ्ठीची घडी जाड होती म्हणे.
वरच्या वाडीने खालच्या वाडीचा व्हॉल्व्ह बंद केला.
जैतूनबाईंच्या दिराच्या दुकानात कालपर्यंत उधारी चालायची,
आज लोक रस्त्याच्या पलीकडून जातात.
आणि हे सगळं ऐकतोय कोण?
यादीतला अनुक्रमांक तीनशे अठ्ठ्याऐंशी,
ज्याने विमानाचे बासष्ट रियाल वाचवले.

गेल्या खेपेला बिजू गेला होता त्रिशूरला,
नुसतं मत द्यायला.
आम्ही हसलो. "एक मत? अरे, पासंगालाही पुरणार नाही."
शाईचं बोट घेऊन परत आला.
नखावरची रेघ वाढत वाढत टोकाला जाऊन कापली गेली
तोवर चिडवत होतो त्याला.
पासंग.
तेवढंच तर हवं होतं.

शाळेत नागरिकशास्त्राचं पुस्तक सगळ्यांत पातळ,
परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं.
लोकशाही त्यात धडधाकट होती.
तिची प्रकृती तोळामासा आहे,
हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

रोज पहिल्या ट्रकआधी
शिक्क्याचं एक टनाचं वजन
फोर्कलिफ्टने चारही कोपऱ्यांवर ठेवून बघतो.
शेजारी सालिम अल बलूशी उभा, घेणाऱ्याचा माणूस.
मी विकणाऱ्याचा.
आकडा चुकला की दोघं वाकून
प्लॅटफॉर्मखालची वाळू काढतो,
झाडू एकच आहे.
आज त्याला विचारलं,
"एखाद्या सकाळी तू म्हणालास,
हा काटाच मानत नाही, तर?"
त्याने कंदुरा झटकला.
"मग ट्रक परत जातील. जहाज थांबेल.
आणि तू नि मी
ओंजळीने मोजत बसू."

रात्रपाळीचा माणूस आलेला नाही.
भालचंद्रला लिहिलं: आधी व्हॉल्व्ह उघड.
बाकी भांडण नंतर करू, मी पण करीन.
एकच टिक.
तिकडे अकरा वाजून गेले असतील.

ट्रक चढतो.
पडद्यावर आकडा थरथरतो,
वर, खाली, पुन्हा वर.
तो थांबेपर्यंत
मी बटणाला हात लावत नाही.