भट्टी

अंत्यविधीच्या पत्रकात छापलं आहे:
आर्लिन टोर्गरसन, वय शहाऐंशी,
प्रेमळ पती, पिता, आजोबा,
एकसष्ट वर्षं या चर्चचे निष्ठावंत सभासद.
खरं आहे सगळं.
फक्त एवढ्यात बाबा मावलेले नाहीत.

उत्तर डकोटात जानेवारीतला रविवार
उणे तीसवर उजाडतो. उजाडतो म्हणजे,
आठ वाजेपर्यंत उजाडतच नाही.
बाबा चारला उठायचे.
कुणाला जाग येऊ नये म्हणून बूट हातात घेऊन
मोज्यांवर जिना उतरायचे,
आणि तिसरी पायरी हमखास करकरायची.
मग ट्रकचा खोकला.
मग बर्फावरून दूर जाणारे दोन लाल ठिपके.

चर्चच्या तळघरात तेलावरची भट्टी,
बाबांच्याच वयाची, त्यांच्याहून हट्टी.
दहाला बाकं ऊबदार हवीत
तर साडेचारला ती पेटायला हवी.
एकदा हट्ट करून मीही गेले, सात वर्षांची.
वाटलं, आता बाबा गुडघे टेकतील.
टेकले.
पण हातात पान्हा होता, दातांत टॉर्च,
आणि ज्या शब्दांत ते तिला विनवत होते
ते कुठल्याच स्तोत्रात नाहीत.
"आईला सांगू नकोस," म्हणाले.
आज सांगतेय, आई. पुढच्याच बाकावर आहेस, ऐक.

गाणं त्यांना कधी जमलं नाही.
सूर सोडून, पण मोकळ्या गळ्याने,
शेवटची ओळ सगळ्यांच्या नंतर संपवायचे,
जसं गव्हाची कापणी उरकल्यावर
कोपऱ्यातल्या राहिलेल्या पट्टीसाठी
कुणी पुन्हा यंत्र वळवावं.

पत्रकात लाइल एका ओळीत आहे.
आधी निवर्तलेला मुलगा. अकरा दिवसांचा.
त्या हिवाळ्यात बाबा प्रार्थनेला बसले नाहीत.
गावाला वाटलं, यायचेच थांबले.
पण बाकं गरम असायची, दर रविवारी.
भट्टी पेटवून ते बाहेर ट्रकमध्ये बसायचे,
काचांवर दव धरलेलं,
घंटा झाली की निघून जायचे
आणि बाराला आम्हाला न्यायला परत.
पुष्कळ वर्षांनी मी विचारलं, तेव्हा म्हणाले,
"त्याच्याशी माझं बोलणं बंद होतं.
हाउगेनबाईंच्या गुडघ्यांशी नव्हतं."

ईस्टरला आत आले.
का, ते सांगितलं नाही.
आईच्या शेजारी बसले, टोपी मांडीवर,
मध्ये एका तान्ह्या मुलाएवढी जागा सोडून.
ती जागा नंतर आम्ही कुणीच भरली नाही.

परवाच्या रविवारी चर्च गार होतं.
सगळे कोट घालून बसलो.
पाळकबाईंच्या तोंडून वाफ निघत होती;
पहिल्यांदाच प्रवचन डोळ्यांना दिसलं.
तीन पुरुष खाली जाऊन हात चोळत वर आले.
मग मी उठले.

अंधारात हाताला लागला तो पत्रा,
डाव्या अंगाला, घोट्याच्या जरा वर,
आत गेलेला, बुटाच्या चवड्याएवढा:
एवढ्या वर्षांचं त्यांचं नेमकं अक्षर.
माझा बूट त्यात सैल बसला.
लाथ घातली. काही नाही.
मग ते शब्द म्हटले,
जसे आठवले तसे, त्याच क्रमाने,
आणि पुन्हा घातली.

आधी एक उचकी. मग गुरगुर.
मी पायरीवर बसून राहिले
वर एकेक बाक करकरेपर्यंत,
कुणीतरी कोट काढत असल्यासारखं.