पल्स की टोन

मोडेम आणला बेळगावहून, मांडीवर धरून.
शाळेच्या डब्याएवढा. वर पाच दिवे,
खाली रबराचे चार पाय, त्यातला एक वाटेतच पडला.
टायपिंग क्लासच्या माडीवर
सातव्या नंबरचं मशीन सरकवून त्याला जागा केली.

कॉम एक माऊसनं बळकावलेला,
कॉम दोन आतूनच बंद.
दोन रात्री मी चालू करत, बंद करत,
चालू करत बसले.
निळा पडदा आला तेव्हा सासूबाईंनी जिन्यातून विचारलं,
"लाइट गेली काय गं?"

तिसऱ्या दिवशी दिवे लागले.
ए टी डी टी, पुढे नंबर.
आकडे वाजले भराभर,
पण डायलटोन काही तुटेना,
गुणगुणत राहिला, ऐकू न येणाऱ्या माणसासारखा.

लाइनमन ईरप्पा तल्लूर आला, सायकलला शिडी बांधून.
रिसीव्हर कानाला लावला, हसला.
"अक्का, हे टोननं मारतंय की हो.
खानापूरचं एक्स्चेंज म्हातारं. त्याला टोन कळत नाही.
पल्स हाका. मोजून टकटक केलं की उठतंय बघा."

शेवटचा टी पुसून मी पी लिहिला
आणि डब्यात कुणीतरी दार वाजवायला लागलं.
तीनाला तीन. आठाला आठ.
शून्याला दहा.
शून्य सगळ्यात लांब असतं
हे इतकी वर्षं आकडे टाइप करून मला ठाऊक नव्हतं.

मग पलीकडून शिट्टी.
इकडून किंकाळी.
मग दोघं एकदम, तापल्या कढईत
ओला हात झटकावा तसं.
ईरप्पानं पक्कड खाली ठेवली. "भांडतंय काय?"
"नाही. विचारतायत एकमेकाला.
किती भरभर बोलू, झेपेल का,
नाही तर हळू बोलतो."
तो जरा वेळ ऐकत राहिला.
"स्टँडावर चौकशीच्या खिडकीला असंच असतंय की."

ठरलं चौदा हजार चारशेवर.
खोक्यावर छप्पन्न हजार छापलं होतं.
"जांबोटी क्रॉसच्या जॉइंटात मुंग्या आहेत," तो म्हणाला,
"बाकीचं त्यांच्याकडं मागा."

पहिलं गेलं ते लग्नपत्रिकेचं प्रूफ,
शहापूरच्या ऑफसेटवाल्याला.
मुलगी लोंढ्याची, मुलगा बैलहोंगलचा.
डावीकडे आमची अक्षरं, उजवीकडे त्यांची,
गणपती मधे, एकच.
बावीस मिनिटं लागणार होती.
एकोणिसाव्या मिनिटाला खाली सासूबाईंनी फोन उचलला,
कुरुंदवाडला बहिणीशी बोलायला,
आणि अख्खी पत्रिका त्यांच्या कानात ओतली गेली.
"कुणीतरी पिसाळलंय गं फोनात!"

परत पहिल्यापासून. शून्याला दहा.

संध्याकाळी शहापूरचा फोन.
"ताई, आलंय तुमचं. पण हे काय आलंय?
टोपी घातलेले ए, डॉलर, टक्के, फुल्या.
डावीकडं तेच, उजवीकडं पण तेच.
गणपती चांगला आलाय."
फॉन्ट पाठवायचे राहिले होते. दोन्ही.
मी विचारलं, मराठी बाजू कुठली
तेवढं तरी ओळखता येतंय का?
"थांबा, बघतो."
बराच वेळ नुसती खरखर. मुंग्या असतील.
मग म्हणाला, "नाही येत."

सकाळच्या पावणेआठच्या गाडीनं निघाले.
पर्समध्ये तीन फ्लॉप्या, रुमालात गुंडाळून,
तिसरी नेहमी दगा देते म्हणून चौथी ब्लाउजपिसाच्या घडीत.
क्रॉसला गाडी थांबली.
ईरप्पा खांबाला मिठी मारून वर,
एका हाताने जॉइंट उघडत,
दुसऱ्याने मानेवरच्या मुंग्या झटकत.
मी खिडकीतून फ्लॉपी दाखवली.
हात रिकामा नव्हता त्याचा,
चप्पल घातलेल्या पायानंच खूण केली:
जावा, जावा पुढं.