छपराचा उतार

आमच्या कुओपियोत घर बांधताना
आधी छपराचा विचार करतात.
बर्फ साचून तुळई मोडू नये,
आपसूक घसरावा,
म्हणून चांगला पंचेचाळीस अंशांचा उतार.
माझ्या हाताला तेवढाच काढता येतो.

थोंगसुक मिस्त्रीनं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला,
मांडीवर ठेवून अख्खी सिगारेट संपवली.
"यावरून घसरायचंय काय?"
मला शब्द सापडेना.
फोनमध्ये शोधून म्हणालो, "हिमा."
शब्द त्याला ठाऊक होता,
चौथीत शिकलेला,
पुढे कधी लागला नव्हता.
त्यानं तो तोंडात घोळवला,
मग सिमेंट कालवणाऱ्या बायकोला ओरडून सांगितला
आणि ती घमेलं खाली ठेवून हसली,
इतकी, की माझं सगळं गाव
त्या उन्हात क्षणभर मलाही विनोदी वाटलं.

खिडक्यांचंही तेच.
मला दक्षिणेला हव्या होत्या, भिंतभर.
"ऊन काय पाहुणा आहे, बोलावून घ्यायला?"
आमच्याकडे डिसेंबरात दुपारी अडीचलाच दिवे लागतात,
आणि ऐली, शेवटच्या हिवाळ्यात,
उन्हाच्या एका तुकड्यामागे
खुर्ची सरकवत सरकवत खोलीभर फिरली होती,
हे सांगण्याइतकी भाषा मला येत नव्हती.
खिडक्या उत्तरेला गेल्या. लहान.

एकेचाळीस वर्षं मी भूमापक होतो.
परक्यांच्या शेतांत खुंट ठोकले,
भावाभावांच्या मधून दोरी ताणली.
इथे वीतभर माती माझ्या नावावर होत नाही.
विटा माझ्या, पत्रे माझे, नळसुद्धा माझा,
खालची जमीन खाम्पायबाईंची.
भाडेपट्टा तीस वर्षांचा.
रोइ-एतच्या कचेरीत सही करताना
मी सदुसष्ट, त्या एकाहत्तर.
कारकुनानं विचारलं, नूतनीकरणाचं कलम घालू का?
बाईंनी पानानं रंगलेलं तोंड पुसलं.
"घाल की.
मुदत संपली, की येऊ आम्ही दोघं."

जागेच्या रखवालदाराचं घर आधी उभं राहिलं.
एका खांबावर, खुराड्याएवढं.
आत उदबत्ती, झेंडूची माळ,
लाल सरबताची बाटली, वर स्ट्रॉ खुपसलेली.
आणि त्याच्या छपराला उतार केवढा!
माझ्या नकाशातला. नेमका.
मी थोंगसुककडे पाहिलं.
तो ओळंबा सोडून बसला होता,
भलतीकडेच बघत.

पोरं मला फरांग म्हणतात.
फरांग म्हणजे गोरा, परका.
फरांग म्हणजे पेरूसुद्धा.
थोंगसुकची नात कोप मुद्दाम दुसराच अर्थ धरते,
कच्चा पेरू आणून देते तिखटमीठ लावून:
"घे, तुझा भाऊ."
मी खातो.
दाढ दुखते, तरी खातो.

पडवीचं छप्पर शेवटी झोपलेलंच झालं,
वाटी ठेवली तरी जागची हलू नये असं.
करारात छपराबद्दल एक अक्षर नाही,
हे माझ्याआधी बाईंच्या लक्षात आलं.
फेब्रुवारीपासून माझ्या डोक्यावर त्यांच्या मिरच्या वाळतात.
संध्याकाळी, दव पडायच्या आत,
मी शिडी लावतो, लाकडी फावडं घेतो,
पाय फाकवून उभा राहतो.
आधी कंबर, मग खांदा.
हात अजून कुओपियोतलेच.
लाल ढीग कडेपर्यंत ढकलत नेतो.
खाली गोणपाट, ठसका, कोपच्या सलग सात शिंका,
आणि कमरेवर हात ठेवून त्या:

"सावकाश, पेरू!
अजून एकोणतीस वर्षं आहेत."