तिसरं भोक

ओठ टेकले आणि माइक चावला.
चावला म्हणजे चावलाच,
मुंगीसारखा नाही,
दातातल्या चांदीवर कुणी पत्रा घासावा तसा,
आणि मग डोळ्यांच्या मागं पांढरं.

दस्तगीर ड्रमवरून हसला,
"समेआधीच उडी मारलीस की गं!"
हातात गिटार, तारांवर घामेजली बोटं,
पायात चप्पल नाही.
वाद्याच्या खोलीत चपला घालायच्या नाहीत,
हा नियम माझाच.

गंगावेशीत तालमीच्या मागं ही खोली,
भाडं सहाशे, लाइट वस्तादांची.

पुढं चार दिवस आम्ही औषधं केली.
माइकला रुमाल बांधला.
माझ्या पायाखाली पाट, पाटाखाली टायरची ट्यूब.
जिनूनं गिटारच्या तारेला टेस्टर लावला
तर आत दिवा लागला, एवढासा, तांबडा,
देव्हाऱ्यातल्या झिरोच्या बल्बासारखा.
त्याला कुणी हात जोडले नाहीत एवढंच.
मी माइकपासून चार बोटं लांब उभी राहून गायले.
चार बोटांत किती गाणं सांडतं
ते मोबाइलवर ऐकताना कळलं.

मग बाबगोंडा वायरमन आले सायकलवरून,
साखर कारखान्यातनं रिटायर, एका कानानं कमी.
गाणं ऐकायला थांबलेच नाहीत.
बोर्डाचे स्क्रू काढले, आत बॅटरी मारली.
"तिसरं भोक हाय, मागं वायर न्हाई.
नुसतं तोंड. पोट न्हाई त्याला."
मग अँपची प्लग हातात घेऊन उलटसुलट बघितली.
"आन् ही जाड पिन कुणी तोडली?"

जिनू छताकडं बघायला लागला.
दस्तगीर काडीनं गुडघा वाजवत राहिला.

मी.
मी तोडली होती, पक्कडीनं, कागलच्या लग्नाआधी.
स्पीकरमधून घूंऽऽ यायचं,
गाण्याच्या तळाशी कुणी झोपेत कण्हतंय तसं,
वरमाय वळून वळून बघायची.
पिन तोडली, घूं थांबलं.
मिटलं म्हणाले.

"आवाज गेला म्हंजे करंट गेला
असं नसतंय, पोरी.
त्याला खाली जायाला वाट लागती.
वाट तोडलीस. तू गावलीस."

वस्ताद म्हणाले, खणा, पण हौदाच्या अंगाला नको.
म्हणून भिंतीपलीकडं,
जिथं हौदातली जुनी माती टाकतात तिथं,
हळदीचा, ताकाचा, माणसांच्या पाठींचा वास असलेल्या
त्या तांबड्या ढिगाशेजारी खड्डा घेतला,
आठ फूट.
धुळाप्पा पैलवान लंगोटावरच खोरं घेऊन उतरला.
"कुणाला पुरताय?"
"करंटाला. पाठ मातीला लावायची त्याची."
"डाव कुठला घालणार?"
बाबगोंडांना ते नीट ऐकू आलं असावं.
"डाव न्हाई लागत.
माती दावली की सोताच पडतंय."

तांब्याची पट्टी, लोणारी कोळसा, दोन पोती मीठ.
माझ्या दोन ऑर्डरींचे पैसे त्या खड्ड्यात आहेत.

वायर आली, नवी प्लग आली, तीन पायांची.
सगळे माझ्याकडं बघत होते.
ओठ टेकवायला मला फार वेळ लागला.

काही नाही.
गार लोखंड,
आणि जिनूच्या गायछापचा वास.

घूं अजून आहे, बारीक.
बाबगोंडा म्हणतात पुढच्या सोमवारी बघू,
तीन सोमवार झाले.
मी त्याच्यावरच सूर लावते हल्ली,
काळी दोनच्या जरा खाली असतं ते.

प्रॅक्टिसच्या आधी खड्ड्यातल्या पाइपात
एक बादली पाणी ओतायचं, हे काम माझं.
उन्हाळ्यात दोन.
माती वाळली तर ती काही घेत नाही म्हणे.
पाणी गुळगुळ करत खाली जातं,
धुळाप्पा पलीकडनं जोर मारता मारता ओरडतो,
"पाज, पाज!"
आणि मी चपला घालून आत जाते.