किती वाजता

हौसाक्का खोत, निपाणी, वय त्रेपन्न.
फायलीत अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या,
डॉक्टर निरनिराळे, अक्षर निरनिराळं,
शब्द तोच: तंबाखू.
विड्या वळणारी बाई शिंकते म्हटल्यावर
आणखी विचारायचं काय?

मागच्या खेपेला मी तिच्या हातावर
निळ्या पेनानं आकडे घातले, एक ते बारा,
आकड्याशेजारी थेंब, थेंबातून सुई.
पंधरा मिनिटं दोघी हाताकडे बघत बसलो,
दूध उतू जायची वाट बघावी तशा.
काही उठलं नाही.
जो थेंब कुणाच्याही हातावर उठायलाच हवा,
त्यासाठीच जो ठेवलेला असतो,
तोसुद्धा नाही.
"मग बरी हाय म्हणा की मी,"
ती बाही खाली ओढत म्हणाली.

सकाळी काय घेतलंत?
चहा, बटर,
आणि संकेश्वरच्या स्टँडवर शिंका थांबेनात म्हणून
पिवळी गोळी.
हात खोटं बोलत नव्हता तर. झोपला होता.
आठ दिवस गोळी बंद, मग या.

आली ती नाकाला पदर लावून,
डोळे सुजलेले, माझ्यावर चिडलेली.
फॉर्म कन्नडात; मी वाचते, ती सांगते.
उद्योगाचा रकाना आहे, तालुक्याचा आहे,
नवऱ्याच्या नावाचासुद्धा आहे.
मी समासात लिहिलं: किती वाजता?
"पाटं. कोंबड्याच्या आदी.
हातरुणात उठून बसलं की सुरू."
आणि कारखान्यात असताना?
तिनं तोंड उघडलं, मिटलं.
"दुपारपतोर नाक मोकळं व्हायचं बघा तितं."

तीन नंबर, तंबाखू: सपाट.
सात नंबर फुगला, गांधीलमाशी डसल्यासारखा.
पट्टी लावली. नऊ मिलिमीटर.
धुळीतला किडा, मी म्हणाले,
डोळ्याला दिसत नाही, गादीत राहतो,
आपल्याच अंगाचा कोंडा खातो.
"माझ्या गादीत? दर दिवाळीला ऊन दावती मी!"
किती वर्षांची गादी?
"लग्नातली."

बाहेर कुणीतरी नंबर पुकारला, कन्नडात, मग मराठीत.
हात टेबलावर तसाच.
"तंबाखूनं हुतंय म्हनले, म्हून कारखाना सोडला म्या.
धा वर्सं झाली.
पीएफ काढला, घरात पडून ऱ्हायले.
त्याच गादीवर की."

मी गादीच्या खोळीबद्दल सांगितलं,
कढत पाण्याबद्दल, नाकात मारायच्या फवाऱ्याबद्दल.
ती ऐकत होती की नाही, कळलं नाही.
स्पिरिटचा बोळा घेऊन आकडे पुसायला लागले
तर तिनं माझं मनगट धरलं.
"सात ऱ्हाऊंदे.
निपाणीच्या डाक्टरला दावायचा हाय."
तोवर उतरेल हो तो, मी म्हणाले,
आणि पेन काढून
त्याच्याभोवती रेघ ओढून दिली.