उलटली

कियुरुवेसीच्या पुढे, गोठलेल्या तळ्याला लागून
आइला रौतिआइनेनचा गोठा.
बाहेर उणे सव्वीस. आत चौतीस तांबड्या गायी,
आणि काचांवर त्यांच्याच श्वासाचं बर्फ.

प्रयोगशाळेतून यार्मो आला होता. काम साधं:
शेपटीचे चार केस मुळासकट उपटायचे,
पाकिटात घालून वर कानातल्या बिल्ल्याचा नंबर.
मुळाशी म्हणे सगळं असतं,
दूध किती, फॅट किती,
कास कितव्या वेताला सुजेल.

असलं आमच्याकडेही आहे, म्हणत
आइलानं सासूची वही काढली.
साय सांडून कडक झालेली पानं, एकाहत्तर सालापासूनची.
किएलो. भरवली. उलटली.
भरवली. उलटली.
भरवली, गाभण. दूध बादलीत मावत नाही.
ओमेना, किएलोची लेक. उलटली. उलटली.
खाली पेन्सिलीनं, तिरकं: गुणाची आहे, विकू नका.

यार्मोनं फोटो काढले. कॉफी दोनदा घेतली.

निकाल आला तेव्हा वैरणीची पहिली कापणी चालू होती.
ट्रॅक्टर बंद करून तिनं फोन कानाला लावला.
बाराव्या गुणसूत्रावर एक तुकडा गळलाय.
आईकडून किंवा बापाकडून, एकाच बाजूनं गळला असेल
तर गाय दुधाला चढ.
आणि दोन्ही बाजूंनी?
तो जरा थांबला.
तशी गाय नकाशात नाही.
हजारोंत एकही नाही. हिशेबानं असायला हव्या होत्या.
पोटातच विरतात. आई पुन्हा माजावर येते,
आपण म्हणतो, उलटली.

म्हणजे दूध बघून वळू निवडला
तेव्हा आपण हेच निवडत होतो,
पिढ्यान्‌पिढ्या, दोन्हीकडून.
आणि हेल्मीबाईंना सगळे म्हणायचे,
हिला माज ओळखता येत नाही.
सासरा म्हणायचा. दूध न्यायला येणारा म्हणायचा.
लग्न होऊन आल्यावर एकदा आइलाही म्हणाली होती,
चुलीपाशी, त्यांना ऐकू जाईल इतपत.

रात्री, म्हणजे उजेडातच, ती वही घेऊन बसली.
यार्मोनं सुचवलेला दुसरा वळू
वेतामागे तीनशे लिटर कमी देणारा.
तिनं त्याचं नाव पुठ्ठ्यावर लिहिलं.
मग पहिल्या पानापासून बोट ठेवून
उलटली मोजायला लागली, प्रत्येकीचं नाव घेत.
एक्क्याऐंशी सालापर्यंत पोचली,
तोवर गोठ्यातून हंबरणं आलं.
धारेची वेळ होऊन गेली होती.